गुलाबाची कुंडी काय सांगते?

सकाळच्या वेळी एखाद्या रोपवाटिकेत कधी गेला आहात का? नसाल तर एकदा अवश्य जा. आमच्या घराजवळच्या रोपवाटिकेत एक म्हातारे माळीकाका आहेत. हातात लाकडी काठी घेऊन ते कुंड्यांच्या रांगेतून चालत जातात आणि प्रत्येक मातीच्या कुंडीला काठीचा हलकासा टोला देतात. टण्, टण्, थप्प, टण्! मागून झारी घेऊन येणाऱ्या मुलाला न थांबता सांगत असतात, "हिला दे, हिला दे, हिला नको, हिला दे."

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आले होते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. ध्वनी, कंपने, अनुनाद यांवर तासन्‌तास बोलतो. पण कुंडी वाजवून तिची तहान ओळखता येते, हे मला ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसल्यामुळे मी माझ्या आईचा गुलाब जवळजवळ मारूनच टाकला होता.

ती हकीकत सांगतोच. पण आधी टोल्याचे कोडे सोडवू. माठ विकत घेताना तुमची आजी किंवा आई तो बोटांनी वाजवून पाहते ना? धड माठ खणखणीत वाजतो. आता वाजणाऱ्या घंटेला हात लावा. नाद लगेच बसतो, कारण कंप पावणाऱ्या धातूची शक्ती तुमच्या मऊ तळहाताने शोषून घेतली. कुंडीचेही तसेच आहे. ओली माती फुगून कुंडीच्या भिंतीला सर्व बाजूंनी चिकटून बसते. घंटेला हात लावावा तशी ती भिंतीची कंपने दाबून टाकते, म्हणून "थप्प" असा बसका आवाज येतो. माती वाळली की आकसते आणि भिंतीपासून केसभर सुटते. भिंत मोकळेपणी कंप पावू लागते आणि कुंडी वाजते. प्लॅस्टिकच्या कुंडीला मात्र हा गुण नाही. तडा गेलेली कुंडीही वाजत नाही, मग आतली माती कितीही कोरडी असो.

आता आईच्या गुलाबाविषयी. आमच्या गावच्या घराच्या परसात एक गावठी गुलाब होता. फुले लहान, फिकट गुलाबी, पण वास असा की एक फूल देवघरात ठेवले तर ओटीपर्यंत दरवळावा. आई त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करीत असे. घर विकले तेव्हा आईने दुसरे काही मागितले नाही, त्या गुलाबाची एक फांदी तेवढी घेऊन ये म्हणाली. फांदी शहरातल्या आमच्या गच्चीवर रुजली. दुसऱ्या वर्षी मी ते रोप मोठ्या कुंडीत हलवले, आणि अगदी "शास्त्रशुद्ध" पद्धतीने हलवले! पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी चांगला वीतभर खडीचा थर घातला. वर माती घातली ती चाळणीने बारीक चाळून, खडा म्हणून राहू दिला नाही. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी.

जुलैत रोपाने माना टाकल्या. पाने पिवळी पडली. झाड सुकते आहे असे पाहून मी आणखी पाणी घातले. आठ दिवसांनी कुंडी उपडी केली तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. पांढरी, तुकतुकीत असायला हवीत ती मुळे काळी पडून कुजली होती. आई काही बोलली नाही. तिने हिरव्या राहिलेल्या एकाच फांदीचे चार तुकडे केले आणि चार डब्यांत लावले. त्यांतला एक जगला.

पाण्यात उभे असलेले झाड तहानेने कसे मरते? तुम्ही म्हणाल, हे तर कोडेच झाले. पण मुळेसुद्धा श्वास घेतात. पाणी व क्षार आत ओढून घेण्यासाठी त्यांना शक्ती लागते आणि ती शक्ती मिळवण्यासाठी प्राणवायू लागतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय पाण्यातून प्राणवायू पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ पाणी वर पाठवू शकत नाही, आणि पाने सुकतात. कोरड्या कुंडीतले झाड आणि चिखलातले झाड वरून सारखेच दिसते, आणि खरा घात इथेच होतो. आपण पुन्हा झारी उचलतो.

पण माझ्या कुंडीला भोक होते, तळाशी खडी होती, तरी पाणी निघून का गेले नाही? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर शेवटी सापडले ते मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवतो त्या धड्यात: केशाकर्षण.

काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरली की पाणी आपोआप वर चढते, हे तुम्ही पाहिले असेल. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच. पृष्ठताण, घनता आणि गुरुत्वाकर्षण यांचे आकडे सूत्रात घालून पाहिले तर एक सोपा हिशेब हाती लागतो: १५ ला नळीच्या त्रिज्येने भागा. त्रिज्या मिलिमीटरमध्ये घेतली की उंचीही मिलिमीटरमध्ये मिळते. त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर पाणी १५ मिलिमीटर चढेल. अर्धा मिलिमीटर असेल तर ३० मिलिमीटर. आणि एकदशांश मिलिमीटर असेल तर १५० मिलिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटर! नळी पाण्यातून बाहेर काढून हवेत उभी धरली तरी थोडे पाणी तिच्यात लटकून राहते. खाली तोंड उघडे आहे, तरी ते पडत नाही.

कुंडीतली माती म्हणजे अशा असंख्य वेड्यावाकड्या नळ्यांची मोळीच. पाणी घातल्यावर मोठ्या पोकळ्या चटकन रिकाम्या होतात, पण बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. भोकापाशी पाणी येते आणि तिथेच थबकते, कारण त्याला वरच्या पोकळ्यांनी ओढून धरलेले असते. अशा रीतीने प्रत्येक कुंडीच्या तळाशी काही सेंटिमीटर उंचीचा एक चिंब थर उरतो. जमिनीत ही अडचण येत नाही. तिथे मातीचा स्तंभ खोलवर सलग गेलेला असतो, त्यामुळे पाणी खाली खाली ओढले जाते. म्हणूनच अंगणात उत्तम चालणारी माती कुंडीत घातली की घात करते.

हे खोटे वाटत असेल तर घरी भांडी घासण्याचा किंवा गाडी पुसण्याचा एक नवा, जाड स्पंज घ्या. समजा तो १५ सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ३ जाड आहे. पाण्यात बुडवून भिजवा आणि मोरीवर आडवा, सपाट धरा. थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पाहा. पिळायचे नाही हं! आता तोच स्पंज लांब कडेवर उभा धरा. काय झाले? पुन्हा पाणी गळू लागले. ते थांबल्यावर आखूड कडेवर उभा करा. आणखी थोडे पाणी पडेल. स्पंज तोच, पोकळ्या त्याच. मग पाणी आले कुठून? चिंब थराची उंची पोकळ्यांच्या मापावर ठरते, स्पंज कसा धरला यावर नाही. ती अडीच सेंटिमीटर आहे असे धरू. स्पंज आडवा असताना १५ × १० × २.५ म्हणजे ३७५ घनसेंटिमीटर भाग चिंब होता. लांब कडेवर उभा केल्यावर १५ × ३ × २.५, म्हणजे सुमारे ११२ घनसेंटिमीटर. आखूड कडेवर १० × ३ × २.५, म्हणजे अवघा ७५. यावरून उथळ, पसरट कुंडीपेक्षा उभट कुंडीत मुळांना हवा अधिक का मिळते, ते तुमच्या लक्षात येईल. गुलाबाला निदान ३० सेंटिमीटर खोल कुंडी द्यावी असे जाणकार सांगतात, त्यात हेही एक इंगित आहे.

आता माझ्या वीतभर खडीकडे या. खडीमधल्या पोकळ्यांची त्रिज्या दोन-तीन मिलिमीटर धरली तर तिची ओढ ५ ते ७ मिलिमीटरचीच. वरच्या बारीक मातीची ओढ कित्येक सेंटिमीटरची. ज्याची ओढ जास्त तो पाणी राखतो, त्यामुळे माती खडीला पाणी देतच नाही. स्वतः पुरती चिंब झाल्यावर उरेल तेवढेच सोडते. म्हणजे चिंब थर कुंडीच्या तळाशी राहण्याऐवजी खडीच्या डोक्यावर जाऊन बसला! हिशेब करून पाहा. कुंडी २५ सेंटिमीटर खोल आणि चिंब थर ५ सेंटिमीटरचा असेल, तर खडीशिवाय मुळांना २० सेंटिमीटर हवेशीर माती मिळते. तळाशी १० सेंटिमीटर खडी घाला. माती उरली १५, त्यातली ५ चिंब. मुळांच्या वाट्याला १० सेंटिमीटर! निम्मी जागा मी स्वतःच्या हाताने काढून घेतली होती. आणि माती चाळून पोकळ्या बारीक केल्या, म्हणजे चिंब थरही वाढवला. तळाशी खडी घालण्याची चाल इतकी जुनी आणि सर्वदूर आहे की हे सांगितल्यावर पुष्कळांना राग येतो. मी वाद घालीत नाही, स्पंज काढतो.

भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर फुटक्या कुंडीची एक खापरी उपडी ठेवली की पुरे. खडी वापरायचीच तर थर न करता मातीत मिसळा. मी आता एक भाग तांबडी माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे घेतो. आपली देशावरची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण तिचे चिकण कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. कुंडीत ती एकटी घालू नका. भिजली की लोण्यासारखी, वाळली की दगडासारखी.

पावसाळ्यापुरती एक युक्ती सांगतो. सुताची करंगळीएवढी जाड वात भिजवून तिचे एक टोक भोकातून चार-पाच सेंटिमीटर मातीत जाईल असे ठेवा आणि दुसरे टोक बाहेर वीतभर लोंबू द्या. कुंडी दोन उभ्या विटांवर ठेवावी लागेल, म्हणजे वात जमिनीला टेकणार नाही. वातीमुळे पाण्याचा स्तंभ खाली लांबतो, जणू कुंडीच वीतभर खोल झाली, आणि चिंब थरातले पुष्कळसे पाणी वातीच्या टोकाशी थेंब थेंब गळून जाते. सुती वात काही महिन्यांत कुजते, पण तोवर पावसाळा संपलेला असतो. दोन सारख्या डब्यांत सारखी माती घालून, एकाला वात लावून, दोन्हींतून किती पाणी गळाले ते मोजून पाहा. प्रयोगवहीत लिहिण्याजोगा प्रयोग आहे.

आता दुसरी बाजू. उन्हाळ्यात गच्चीवर नेमके उलटे संकट असते. इथे मातीची कुंडी आपल्या मदतीला येते. तिच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि बाहेर वाळते, माठाचेच तत्त्व. ३० अंशांच्या सुमारास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० ज्यूल उष्णता लागते, आणि ती कुंडीतून घेतली जाते.

एका कुंडीतून किती पाणी असे उडून जाते? याचे उत्तर स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या धर्मगुरूने १७२४ सालीच काढून ठेवले आहे. त्याने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत घेतले, मातीवर शिशाचे झाकण बसवले आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. इतके साधे! दिवसाच्या बारा तासांत झाडाने सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेत सोडले. कोरड्या उबदार रात्री हाच आकडा ३ औंसांवर आला. मग हेल्सच्या मनात आले की यातले काही पाणी कुंडीच्याच भिंतीतून गेले असेल. त्याने झाड बुडाशी कापले, बुंधा बंद केला आणि पुन्हा वजने केली. नुसती कुंडी दिवसाला २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम पाणी सोडत होती. ते त्याने वजा केले. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात हे सारे आहे. मला या माणसाचे मोठे कौतुक वाटते. तराजू आणि शंका, एवढ्या भांडवलावर केवढे काम!

५७ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ५७ × २,४३० केले की सुमारे १,३८,००० ज्यूल होतात. कुंडीत दहा किलो ओली माती आहे आणि तिची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी आहे असे धरले, तर एवढ्या उष्णतेने तिचे तापमान साडेसहा अंशांनी बदलेल. आणि हे इंग्लंडचे ऊन! आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पाणी पुष्कळच अधिक उडते. दिवाळीला कुंड्यांवर तैलरंग फासण्याची अनेकांना हौस असते. तसे केले की भिंतीची छिद्रे बुजली आणि हे शीतयंत्र बंद पडले. गेरू लावा. कुंडीवर पांढरी पुटे चढतात तीही याच वाटेने आलेली असतात. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात गुलाब लावला असेल, तर त्याच्या पश्चिमेच्या बाजूला एखादी विटांची आडभिंत उभी करा, नाहीतर दुपारी त्या बाजूची मुळे भाजून निघतील. प्लॅस्टिकच्या कुंडीतले पाणी भिंतीतून उडत नाही, म्हणून तिला मातीच्या कुंडीइतके वारंवार पाणी घालायचे नसते.

हेल्सचा प्रयोग तुम्हीही करू शकता. रद्दीवाल्याकडे असतो तसा तानकाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर माणसांचे वजन करायचा काटा चालेल. पोटभर पाणी घाला, पाणी गळायचे थांबू द्या आणि वजन लिहा. समजा ते १२ किलो भरले. रोज सकाळी वजन करीत जा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे काट्यावर एक किलो कमी झाले की एक लिटर पाणी गेले, हे वेगळे सांगायला नको. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागेल त्या दिवशीचे वजन लाल शाईने लिहा. तोच तुमच्या कुंडीचा पाणी मागण्याचा आकडा. आठ-दहा दिवसांनी काटाही लागत नाही. कुंडी जराशी कलती करून पाहिली की हाताला कळते. ढगाळ दिवशी, वाऱ्याच्या दिवशी आणि छाटणी केल्यावर आकडे कसे बदलतात तेही पाहा. गच्चीच्या कठड्यावर मात्र कुंडी ठेवू नका. दहा-बारा किलोंची वस्तू तिसऱ्या मजल्यावरून पडली तर काय होईल, हे गणित करून पाहण्यासारखे नाही.

गुलाबाची छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करतात. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या आणि उरलेल्या बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर कापायच्या. दीड महिन्यात फुले येऊ लागतात. त्याला रोज निदान सहा तास ऊन हवे. ते नसेल तर बाकीचे सारे शास्त्र व्यर्थ आहे. डोळा भरलेले कलम विकत आणले असेल, तर जोडाच्या खालून, खुंटातून येणारी फूट दिसताच काढून टाका. नाहीतर खुंटच वाढतो आणि वरचा गुलाब उपाशी राहतो. आमच्या गावठी गुलाबाला ही कटकट नाही, तो फांदीवरच येतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा आणि अर्धी फांदी मातीत पुरावी. उलटी मात्र लावू नका; असे करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हे सारे नियम सगळ्या झाडांना सारखेच लावू नका. कोरफड कुंडी वाजू लागल्यावरही खुशाल राहू द्यावी. मोगऱ्याला थंडीत काही आठवडे मुद्दाम तहानेला ठेवतात, पाने झडू लागली की छाटतात आणि मग पाणी सुरू करतात. उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो. जास्वंदीला मात्र अशी उपासमार चालत नाही. आणि तुळस! सिमेंटच्या लहान वृंदावनाला कितीदा तळाशी भोकच नसते, आणि घरातले प्रत्येक माणूस अंघोळ झाली की भक्तिभावाने तांब्याभर पाणी घालते. तुळस टिकत नाही म्हणून हळहळणाऱ्या घरी गेलात तर आधी वृंदावनाचे बूड पाहा.

चार डब्यांतली जी एक फांदी जगली, तिची आज तीन झाडे झाली आहेत. कुंड्या मातीच्याच आहेत, आत खडीचा थर नाही, भोकावर एकेक खापरी. आई रोज सकाळी माझ्याआधी गच्चीवर जाते. तिच्या हातात जुने लाटणे असते. तिने मला केशाकर्षण समजावून सांगायला लावले होते, स्पंजही धरून पाहिला, आणि मग म्हणाली, "अरे, माठ वाजवून घेतो, तशी कुंडी वाजवायची, एवढंच ना?" परवा तिने मधल्या कुंडीवर लाटणे आपटले, थप्प आवाज आला, आणि भरलेली झारी तशीच परत खाली घेऊन आली.